कामगार का थांबतो? भारतीय उद्योगातील कामगार-कल्याणाचा इतिहास

१. प्रस्तावना

कारखाना सुरू करायला जमीन, भांडवल, यंत्रे आणि कच्चा माल लागतो. या चार गोष्टी जमल्या तरी एक प्रश्न उरतोच. काम शिकलेला माणूस उद्या परत कामावर येईल का? पुढच्या महिन्यात येईल का? पाच वर्षांनी तो इथेच असेल का? यंत्र विकत घेतले की ते मालकाच्या आवारात राहते. माणसाचे तसे नसते. तो गावी जातो, आजारी पडतो, शेजारच्या गिरणीत चार आणे जास्त मिळाले की तिकडे वळतो, आणि कधी कधी सगळे मिळून काम थांबवतात.

आजच्या व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नाला ‘कर्मचारी टिकवणे’ म्हणतात. पुस्तकांमध्ये तो माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या संदर्भात येत असल्यामुळे तो अलीकडचा आहे असा विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात भारतातील आधुनिक उद्योगाच्या पहिल्या दिवसापासून तो आहे. या पाठात साधारण १८५९ ते १९८२ या काळातील काही उदाहरणे घेऊन आपण तो तपासणार आहोत.

सोयीसाठी कामगार टिकवण्याच्या चार वाटा वेगळ्या करू. पहिली वाट धाकाची: काम सोडणे हाच गुन्हा ठरवायचा. दुसरी रोख पैशाची: अडचणीच्या काळात जास्त मजुरी द्यायची. तिसरी मालकाने दिलेल्या आधाराची: घर, दवाखाना, शाळा, निवृत्तिवेतन. चौथी कामगारांनी एकमेकांना दिलेल्या आधाराची: गावकीची खोली, खाणावळ, पतपेढी, संघटना. प्रत्यक्षात या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. पण कोणत्या काळी कोणत्या वाटेवर भर होता हे पाहिले, की त्या काळातील उद्योग आणि माणूस यांचे नाते समजते.

२. धाकाची वाट: आसामचे चहाचे मळे

१८५९ मध्ये ब्रिटिश सरकारने कामगारांच्या करारभंगाविषयी एक कायदा केला. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या किंवा मध्येच सोडून जाणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करता येऊ लागले. मॅजिस्ट्रेटने त्याला काम पूर्ण करण्याचा हुकूम द्यायचा आणि तो मोडला तर तुरुंग. दोन व्यापाऱ्यांमधला करार मोडला तर तो दिवाणी वाद होतो, नुकसानभरपाई मागता येते. मजुराने करार मोडला तर मात्र तो कैदी होऊ शकत होता. या फरकाकडे नीट लक्ष द्यावे.

या विचाराचे सर्वांत कठोर रूप आसामच्या चहामळ्यांत दिसले. मळे दाट जंगलात होते, हवा रोगट होती आणि स्थानिक लोक तिथे मजुरीला येत नव्हते. त्यामुळे छोटा नागपूर, संथाळ परगणा आणि इतर दूरच्या भागांतून ‘आरकाटी’ म्हणजे मजूरभरती करणारे दलाल माणसे आणत. १८६५ च्या कायद्याने मळेवाल्यांना पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय स्वतः पकडण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार १९०८ मध्ये काढून घेण्यात आला. १८५९ चा मूळ कायदा तर १९२६ पर्यंत अमलात होता.

धाकाने माणूस राहिला का? काही काळ राहिला, कारण जाण्याचा रस्ताच बंद होता. मे १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर, स्त्रिया आणि मुलांसह मळे सोडून पायी निघाले. करीमगंजमार्गे ते चांदपूरला पोहोचले. तिथे रेल्वे स्थानकावर थांबलेल्या मजुरांवर २० मे रोजी रात्री गुरखा शिपायांनी हल्ला केला. त्याच्या निषेधार्थ आसाम-बंगाल रेल्वेच्या आणि आगबोटींच्या कामगारांनी संप केला. ज्या मजुरांना कायद्याने जखडून ठेवले होते, तेच संधी मिळताच खोरेच्या खोरे रिकामे करून निघाले. पहारा ठेवला की माणूस जागेवर राहतो, पण कामात त्याचे मन राहत नाही आणि पहारा ढिला पडला की तो जातो, हे या घटनेतून दिसते.

३. रोख पैशाची वाट: दोन शहरे, दोन प्लेग

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. शतकाच्या अखेरीस परळ-लालबाग परिसरात गिरण्यांची दाटी झाली. रत्नागिरी, सातारा आणि दख्खनच्या इतर भागांतून माणसे येत होती. भरती करण्याचे काम ‘जॉबर’ करी. कामगार घेणे, काढणे, रजा देणे हे सगळे त्याच्या हातात असल्यामुळे कामगाराला त्याची मर्जी राखावी लागे. मजुरी महिन्याने मिळे आणि तीही महिना संपल्यावर काही दिवस उशिरा. हा उशीर मालकांच्या सोयीचा होता. काम सोडले तर अडकलेला पगार बुडण्याची भीती कामगाराला असे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेग आढळला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले आणि गिरण्या ओस पडू लागल्या. मागे राहिलेल्या कामगारांनी एक साधी गोष्ट ओळखली: आता गरज मालकांना आहे. त्यांनी रोजच्या रोज मजुरी मागितली आणि ती मिळाली. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गिरण्यांचे लोक कामगारांसाठी चढाओढीने बोली लावत असल्याच्या नोंदी आहेत. एरवी कामगार गिरणीच्या दाराशी उभा राहत असे. त्या काही आठवड्यांत गिरणीच कामगाराच्या दाराशी आली. साथ ओसरली, माणसे परतली आणि जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे. १९१७ मध्ये तिथे प्लेग आला तेव्हा कामगारांनी शहर सोडू नये म्हणून गिरणीमालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला. काही कामगारांना तो मजुरीच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत मिळत होता. १९१८ च्या सुरुवातीला साथ सरली आणि मालकांनी बोनस बंद करायचे ठरवले. दरम्यान पहिल्या महायुद्धामुळे महागाई प्रचंड वाढली होती. कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली, मालकांनी २० टक्के देऊ केली. गांधीजींनी हिशेब तपासून ३५ टक्के ही मागणी ठरवली. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली, १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले आणि १८ मार्चला तडजोड झाली. पुढे आनंदशंकर ध्रुव यांनी लवाद म्हणून ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. मालकांच्या बाजूचे नेते अंबालाल साराभाई होते, तर कामगारांच्या बाजूला त्यांचीच बहीण अनसूयाबेन साराभाई उभ्या होत्या.

या दोन्ही प्रसंगांतून रोख पैशाची मर्यादा कळते. साथीच्या काळात दिलेली जादा रक्कम ही भीतीची किंमत असते. भीती संपली की देणाऱ्याला ती खर्च वाटते आणि घेणाऱ्याला तो हक्क वाटू लागतो. म्हणून अहमदाबादच्या लढ्यातून निघालेली कायमस्वरूपी गोष्ट ३५ टक्क्यांपेक्षा मोठी होती. १९२० मध्ये तिथे मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. तंटे लवादाने सोडवण्याबरोबरच तिने दवाखाना, शाळा आणि वाचनालये चालवली. कामगाराचा आधार कामगारांच्याच संघटनेच्या हाती असू शकतो, हे तिने दाखवून दिले.

४. मालकाचा आधार: नागपूरची एम्प्रेस मिल

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात गिरणी सुरू केली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस’. कापूस पिकणाऱ्या मुलखातच गिरणी घातल्यामुळे कच्च्या मालाची वाहतूक वाचली. पण मुंबईप्रमाणे तयार गिरणी-कामगार नागपुरात नव्हते. आसपास शेतकरी होते आणि हातमागावर विणणारे कोष्टी होते. घंटेनुसार येण्या-जाण्याची सवय कुणालाच नव्हती. पेरणी आली, लग्न आले, जत्रा आली की माणूस गैरहजर.

याला उत्तर म्हणून दंड वाढवता आला असता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी वेगळी दिशा घेतली. हे बेझनजी मूळचे रेल्वेतले; कापडधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. गिरणीत हवा खेळती आणि दमट ठेवण्याची सोय झाली, आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारे बसवले गेले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई मिळू लागली. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला, हे लक्षात घेतले तर या तारखांचे महत्त्व कळते.

या योजनांकडे दोन नजरांनी पाहता येते. एक म्हणजे मालकाची माणुसकी. दुसरी म्हणजे हिशेब. कापडाच्या उत्पादनात सूत तुटले की ते ओळखून क्षणात सांधणारा हात लागतो. तो तयार व्हायला वेळ लागतो आणि तो गेला की मागाचा वेग पडतो. निवृत्तिवेतन ही अशी रक्कम आहे जी थांबणाऱ्यालाच मिळते. म्हणजे कामगाराच्या भविष्याची काळजी आणि गिरणीच्या उत्पादनाची काळजी इथे एकाच निधीत एकत्र आली. इतिहास लिहिताना या दोहोंपैकी एकच खरी मानण्याचे कारण नाही. एखादी सोय मालकाच्या फायद्याची होती म्हणून ती कामगाराच्या फायद्याची नव्हती, असे होत नाही.

५. संपूर्ण गावच आधार: जमशेदपूर

जमशेटजींनी १९०२ मध्ये आपले पुत्र दोराबजी यांना लिहिलेल्या पत्रात भावी पोलाद-नगराविषयी सूचना केल्या होत्या: रुंद रस्ते, लवकर वाढणारी सावलीची झाडे, हिरवळ, बागा, खेळाची मैदाने, आणि मंदिर, मशीद व चर्च यांसाठी राखीव जागा. कारखान्याची जागा नक्की होण्याच्याही आधीचे हे पत्र आहे. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली, साकची येथे काम सुरू झाले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लादी निघाली. १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी या गावाला जमशेदपूर हे नाव दिले.

साकचीत पूर्वी शहरच नव्हते. बंगाल, बिहार, पंजाब, मध्य प्रांत, मद्रास अशा सर्व बाजूंनी माणसे आणावी लागणार होती, शिवाय परदेशी तंत्रज्ञही. तिथे घर, पाणी, दवाखाना नसेल तर माणूस एक उन्हाळाही काढणार नव्हता. त्यामुळे मुंबईत जे मालक चाळमालकांवर सोडून देऊ शकत होते, ते इथे कंपनीलाच करावे लागले. पुढील तक्त्यात कंपनीने सुरू केलेल्या सोयी आणि त्याविषयीचे कायदे यांची वर्षे दिली आहेत.

| सोय | जमशेदपूर | कायदा |
|---|---|---|
| आठ तासांचा दिवस | १९१२ | १९४६ (आठवड्याला ४८ तास) |
| मोफत वैद्यकीय मदत | १९१५ | १९४८ (राज्य विमा) |
| पगारी रजा | १९२० | १९४५ |
| भविष्य निर्वाह निधी | १९२० | १९५२ |
| अपघात भरपाई | १९२० | १९२३ |
| प्रसूती लाभ | १९२८ | १९२९ (मुंबई प्रांत), १९६१ (केंद्रीय) |
| नफ्यावर आधारित बोनस | १९३४ | १९६५ |
| ग्रॅच्युइटी | १९३७ | १९७२ |

तक्ता पाहून कुणालाही वाटेल की इथले कामगार समाधानी असणार. पण याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. १९२८ चा तंटा काही महिने चालला आणि त्या काळात सुभाषचंद्र बोस कामगार संघटनेचे अध्यक्ष झाले. मजुरी, कामगारकपात आणि संघटनेला मान्यता हे वादाचे विषय होते. घरांच्या बाबतीतही सर्वांना सारखे मिळाले नाही. आखीव रस्त्यांवरची घरे सर्वांना पुरण्याएवढी नव्हती, आणि अकुशल मजुरांपैकी पुष्कळ जण, ज्यांत याच भूमीवरचे आदिवासी होते, आखीव गावाबाहेरच्या वस्त्यांमध्ये राहत होते.

इथे एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. दवाखाना असणे आणि आपले म्हणणे ऐकले जाणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकीने दुसरी भागत नाही. किंबहुना घर, शाळा, पाणी सगळेच कंपनीचे असेल तर कंपनीशी भांडणे अधिक अवघड होते, कारण नोकरी गेली की घरही जाते. ही गोष्ट भारतातील सर्वच औद्योगिक वसाहतींना लागू होती, मग ती कानपूरच्या गिरण्यांची अ‍ॅलनगंज असो की मद्रासमधील बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांची वसाहत. याच मद्रासच्या गिरण्यांमधील कामगारांमधून १९१८ मध्ये बी. पी. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली मद्रास लेबर युनियन उभी राहिली. तिच्या पहिल्या तक्रारींपैकी एक होती दुपारच्या जेवणाची अपुरी सुट्टी. मोठ्या योजनांच्या यादीत अशी तक्रार कधी दिसत नाही. ती कामगारालाच सांगावी लागते.

जमशेदपूरच्या व्यवस्थापनाला हे कळायला वेळ लागला, पण कळले. १९५६ मध्ये कंपनी आणि टाटा वर्कर्स युनियन यांच्यात झालेल्या करारातून खातेनिहाय संयुक्त मंडळे निघाली. त्यांत कामगार आणि व्यवस्थापन एकत्र बसून कामाच्या प्रश्नांवर बोलू लागले.

६. कामगारांचा एकमेकांना आधार: खोली, खाणावळ, पतपेढी

मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट वेगळी. इथे कंपनीचे गाव नव्हते. कामगाराने आपले गाव स्वतःसोबत आणले. एकाच गावचे दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त पुरुष एका खोलीत राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. भाडे वाटून. नवा पोरगा गावाहून आला की त्याला इथेच टेकायला जागा मिळे, आणि खोलीतलाच कुणीतरी जॉबरकडे त्याची ओळख काढी. आजारपण, मयत, गावाकडचे लग्न यांसाठी वर्गणी निघे. बायका-मुले गावी आणि पुरुष मुंबईत, अशा संसारांना जेवण घालण्याचे काम खाणावळवाल्या बायका करत. त्यांच्यात कुणी विधवा, कुणी गिरणीतून कमी केलेली, कुणी नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून चार डबे करणारी. जेवणाचे पैसे पगारानंतर द्यायचे; संपात तर तेही लांबणीवर पडत.

कामगार पुन्हा पुन्हा गावी जातो म्हणून तो उद्योगाला बांधील नाही, अशी तक्रार मालक कित्येक दशके करत होते. इतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या गिरण्यांना माणसांची खरी टंचाई नव्हती, असे मांडले. राजनारायण चंदावरकर यांनी पुढे जाऊन दाखवले की शहरात आजारपण, बेकारी, म्हातारपण यांसाठी कोणतीच तरतूद नसल्यामुळे गावाशी धागा टिकवणे हा कामगाराचा विमाच होता. शिवाय मालकांनाही सर्व कामगार कायम नको होते. ‘बदली’ कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी येई. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. मागणी वाढली की घ्यायचे, उतरली की सोडायचे. जो स्वतः थांबण्याची हमी देत नाही, त्याने कामगाराच्या न थांबण्याची तक्रार करावी, ही यातली विसंगती. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणून ठरावीक कामगारांना कार्ड देण्यास सुरुवात केली, तेव्हा ही अनिश्चितता थोडी कमी झाली.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात गावाशी असलेला हा संबंध तोडू नये, तो नीट सांभाळावा, असेच मत दिले. भरतीचे काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे, असेही त्याने सुचवले. या आयोगाचे एक सदस्य होते ना. म. जोशी. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतसंस्था चालवल्या. पठाणी व्याजाने कर्ज काढणाऱ्या कामगाराला पतपेढीचे महत्त्व पगारवाढीइतकेच होते. त्याही आधी, १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली.

हा धागा पुढेही चालला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या स्त्रियांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभी केली आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कामगारांना इतके दिवस तगवले ते गावाकडच्या धान्याने आणि शेजाऱ्याच्या उधारीने.

७. आधाराची सीमा: जात

समाजाचा आधार म्हटले की तो सर्वांना मिळतो असे आपण गृहीत धरतो. इतिहास तसे सांगत नाही. ज्या नात्यागोत्याच्या जाळ्यातून कामगाराला खोली आणि काम मिळे, तेच जाळे इतरांना बाहेर ठेवी. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी चांगली होती. पण धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे आणि ‘विटाळ होईल’ या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नव्हते. त्यांना कमी मजुरीच्या खात्यांत राहावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

म्हणून ‘इथले वातावरण घरच्यासारखे आहे’ हे वाक्य तपासून पाहावे लागते. कोणाच्या घरासारखे? ज्याला ओळखीतून नोकरी मिळाली त्याला ते आपुलकीचे वाटते. ज्याला पाण्याच्या माठापाशी थांबवले जाते त्याला नाही. चांगल्या वातावरणाची कसोटी सर्वांत कमी ओळखी असलेल्या माणसावर लावायची असते.

८. मर्जीकडून हक्काकडे

मालक दयाळू असेल तर सोय, नसेल तर नाही, ही स्थिती बदलण्याचे काम कायद्याने केले. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगार अडकवून ठेवण्यावर मर्यादा आणली: हजाराहून कमी कामगार असतील तर पगाराचा महिना संपल्यावर सात दिवसांत, अन्यथा दहा दिवसांत पगार द्यायचा. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. अदारकरांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कल्याणाचे वेगळे प्रकरणच होते: २५० हून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह, ५०० किंवा अधिक असतील तर कल्याण अधिकारी, आणि स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर.

यातून एक मूलभूत बदल घडला, जो सहसा नजरेतून सुटतो. भविष्य निर्वाह निधी एका नोकरीतून दुसरीत नेता येतो. राज्य विम्याचा दवाखाना कंपनीच्या मालकीचा नसतो. म्हणजे कामगाराची सुरक्षितता एका मालकापासून सुटी झाली. आजारपणाच्या भीतीने नको त्या नोकरीत अडकून राहण्याचे कारण कमी झाले. ग्रॅच्युइटी मात्र १९७२ च्या कायद्यातही पाच वर्षांच्या सलग सेवेशी जोडलेली राहिली. तिच्यात एम्प्रेस मिलच्या जुन्या निवृत्तिवेतनाचा विचार अजून दिसतो.

या सर्व तरतुदींच्या बाहेर राहिलेला भाग मोठा आहे, हेही सांगितले पाहिजे. कंत्राटी मजूर, लहान कारखाने, घरकामगार, शेतमजूर यांच्यापर्यंत यातले फार थोडे पोहोचले. आजही एकाच आवारात कायम आणि कंत्राटी असे दोन कामगार तेच काम करत असतात आणि उपाहारगृहाचा पास एकाकडेच असतो.

९. आजच्या विद्यार्थ्यासाठी

पदवीनंतर अनेक विद्यार्थ्यांसमोर नोकरीचा ‘बॉण्ड’ येतो: दोन वर्षे सोडायचे नाही, सोडले तर अमुक रक्कम भरायची. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात. हा कागद हातात आला की १८५९ चा कायदा आठवावा. आज कोणतेही न्यायालय कुणाला मनाविरुद्ध नोकरीत राहण्याची सक्ती करत नाही. कंपनीला फार तर वाजवी नुकसानभरपाई मागता येते. काम सोडणारा गुन्हेगार राहिलेला नाही. हा फरक आपोआप पडला नाही. चारगोल्याहून पायी निघालेल्या माणसांपासून अनेकांनी त्याची किंमत मोजली आहे.

उद्या तुमच्यापैकी काही जण व्यवस्थापनाच्या बाजूला बसतील. तेव्हा ‘लोक सोडून का जातात’ या प्रश्नाआधी ‘आपण त्यांना थांबण्याची कोणती हमी देतो’ हा प्रश्न विचारावा. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद केली. पाळणाघर कागदावर असणे आणि आईला दुपारी तिथे निर्धास्तपणे जाता येणे, यात वरिष्ठांच्या वागणुकीचे अंतर असते. कायदा खोली बांधायला लावू शकतो. तिथे जाणाऱ्या बाईकडे घड्याळ दाखवू नये, हे माणसांनाच शिकावे लागते.

१०. समारोप

धाकाने माणूस अडतो, पैशाने काही दिवस थांबतो, सोयींमुळे स्थिरावतो. या तिन्ही वाटांवर निर्णय मालकाचा असतो. म्हणूनच सर्वांत जास्त सोयी असलेल्या गावातही संप झाले, आणि कोणतीच सोय नसलेल्या गिरणगावात लोक पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण तिथे खोली, खाणावळ आणि संघटना त्यांची स्वतःची होती. जिथे आधार हक्क म्हणून मिळाला, तो सर्वांपर्यंत पोहोचला आणि त्याविषयी बोलण्याची जागा राहिली, तिथे कामगार आणि उद्योग यांचे नाते अधिक काळ चालले. एम्प्रेस मिल आज बंद आहे, मुंबईच्या बहुतेक गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. त्या गिरण्यांत घडलेला भविष्याच्या तरतुदीचा विचार मात्र तुमच्या पहिल्या पगाराच्या पावतीवर, निर्वाह निधीच्या ओळीत, तुम्हाला भेटेल.

विचारासाठी प्रश्न

१. मुंबई (१८९६) आणि अहमदाबाद (१९१७–१८) येथील प्लेगच्या काळात कामगारांची सौदाशक्ती कशी बदलली? दोन्हींचे परिणाम वेगळे का झाले?

२. कंपनीने दिलेले घर कामगाराला सुरक्षित करते की परावलंबी? जमशेदपूरच्या आधारे दोन्ही बाजू मांडा.

३. आपल्या परिसरातील एखादा कारखाना, बाजारपेठ किंवा कार्यालय निवडा. तिथे काम करणाऱ्यांना एकमेकांकडून कोणता आधार मिळतो आणि कोण त्यातून बाहेर राहते, याची माहिती घेऊन एक पान लिहा.